टाळण्यायोग्य व्यवहार (नादारी कायदा)

टाळण्यायोग्य व्यवहार म्हणजे नादार झालेल्या कंपनीने नादारीच्या कार्यवाहीपूर्वी केलेले असे व्यवहार, जे धनकोंच्या सामाईक हिताला बाधक ठरल्याने न्यायाधिकरण रद्द करू शकते किंवा ज्यांचा परिणाम उलटवू शकते. भारतात यासंबंधीच्या मुख्य तरतुदी नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ च्या कलम ४३ ते ५१ मध्ये आहेत. व्यवहारास आव्हान देण्याचे काम कंपनीच्या परिसमापकाकडे, अथवा परिसमापनापूर्वीच्या टप्प्यात निराकरण व्यावसायिकाकडे असते. अर्ज राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणापुढे केला जातो.

तत्त्व

कंपनी सुस्थितीत असताना कोणाचे देणे आधी फेडावे, हा तिच्या संचालकांचा प्रश्न असतो. मालमत्ता सर्व देण्यांना पुरणार नाही अशी स्थिती आली की हे स्वातंत्र्य इतरांच्या जिवावर उठते. समजा, एका कंपनीवर चार विनातारण धनकोंचे प्रत्येकी १० लाख रुपये देणे आहे आणि तिच्याजवळ एकूण १० लाखच उरले आहेत. कायद्यानुसार वाटप झाल्यास प्रत्येकास अडीच लाख मिळतील. परंतु कंपनी बुडण्याच्या महिनाभर आधी संचालकाने आपल्या भावाचे १० लाख पूर्ण फेडले, तर उरलेल्या तिघांच्या हाती काहीच लागत नाही. भावाचे देणे खोटे नव्हते. आक्षेप इतकाच, की त्याला रांगेत सर्वांच्या पुढे उभे करण्यात आले.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

धनकोंना फसवून केलेले हस्तांतरण उलटवण्याचा मार्ग रोमन कायद्यातही होता. इंग्लंडमध्ये १५७१ च्या कायद्याने अशी हस्तांतरणे निरर्थक ठरवली. सतराव्या शतकाच्या प्रारंभी गाजलेल्या ट्वाइन खटल्यात पिअर्स नावाच्या ऋणकोने आपली सारी चीजवस्तू गुपचूप ट्वाइन या एका धनकोच्या नावे केली, मात्र ताबा स्वतःकडेच ठेवला. तो पुढेही मेंढ्यांची लोकर कातरत राहिला आणि त्यांच्यावर आपलीच खूण उमटवत राहिला. गुप्तता आणि कायम राहिलेला ताबा ही न्यायालयाला कपटाची लक्षणे वाटली, आणि आजही अशा व्यवहारांची तपासणी करताना याच खुणा प्रथम पाहिल्या जातात.

भारतात मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चे कलम ५३, मुंबई, कलकत्ता व मद्रास या शहरांसाठीचा १९०९ चा नादारी अधिनियम आणि इतरत्र लागू असलेला १९२० चा प्रांतिक नादारी अधिनियम यांत ही कल्पना आली. कंपन्यांसाठी कंपनी अधिनियम, १९५६ मध्ये कलम ५३१ होते. त्यात मागे पाहण्याची मुदत अवघी सहा महिन्यांची होती, शिवाय झुकते माप देण्याचा हेतू दाखवावा लागे. हेतू सिद्ध करणे अवघड असल्याने ही तरतूद व्यवहारात दुबळी ठरली.

व्यवहारांचे प्रकार

२०१६ च्या संहितेने अधिमान्य व्यवहारांच्या बाबतीत हेतूची अट काढून टाकली. कलम ४३ नुसार, पूर्वीच्या देण्यापोटी केलेल्या हस्तांतरणामुळे एखादा धनको, जामीनदार किंवा हमीदार कलम ५३ मधील वाटपक्रमाने मिळाले असते त्याहून चांगल्या स्थितीत गेला का, एवढेच पाहिले जाते. संबंधित पक्षाशी झालेला व्यवहार नादारी सुरू होण्यापूर्वीच्या दोन वर्षांतील, तर इतरांशी झालेला एका वर्षातील असावा लागतो. नेहमीच्या व्यवसायक्रमात झालेली हस्तांतरणे यातून वगळली आहेत.

मोलापेक्षा बऱ्याच कमी किमतीत मालमत्ता दिली असल्यास तो न्यूनमूल्य व्यवहार ठरतो. मुदती त्याच आहेत. परिसमापकाने तो निदर्शनास आणला नाही तर धनको स्वतःही अर्ज करू शकतो. मालमत्ता धनकोंच्या आवाक्याबाहेर ठेवण्यासाठी असा व्यवहार हेतुपुरस्सर केला असल्यास कलम ४९ लागू होते, व तेथे एक-दोन वर्षांची मर्यादा नाही. पिळवणुकीच्या अटींवर घेतलेली कर्जे कलम ५० मध्ये येतात. कलम ६६ मधील कपटपूर्ण व्यापार हा वेगळा विषय आहे. त्यात व्यवहार रद्द होत नाही, तर जबाबदार व्यक्तींना कंपनीच्या मत्तेत भर घालण्याचा आदेश दिला जातो.

जेपी इन्फ्राटेक प्रकरण

कलम ४३ चा सर्वांत सविस्तर विचार सर्वोच्च न्यायालयाने २६ फेब्रुवारी २०२० रोजी जेपी इन्फ्राटेक प्रकरणात केला. नोएडा ते आग्रा यमुना द्रुतगती महामार्ग बांधणाऱ्या या कंपनीने आपली शेकडो एकर जमीन गहाण टाकली होती, मात्र स्वतःच्या कर्जासाठी नव्हे. ती जमीन जयप्रकाश असोसिएट्स या तिच्या धारक कंपनीच्या कर्जाला तारण होती. जेपी इन्फ्राटेककडे घरांसाठी पैसे भरून हजारो कुटुंबे ताब्याची वाट पाहत होती, आणि त्यांच्या घरांची आशा ज्या मालमत्तेवर होती तिच्यावर दुसऱ्याच कंपनीच्या बँकांचा हक्क चढला होता.

अलाहाबादच्या न्यायाधिकरणाने २०१८ मध्ये सहा गहाणव्यवहार अवैध ठरवले, अपील न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये तो निर्णय फिरवला. बँकांचे म्हणणे होते की कर्ज प्रामाणिकपणे दिले आणि आपण संबंधित पक्ष नाही. न्यायालयाने लाभ अखेर कोणाला झाला हे पाहिले. धारक कंपनी स्वतः जेपी इन्फ्राटेकची धनको होती आणि गहाणांमुळे तिचाच भार हलका झाला. म्हणून दोन वर्षांची मुदत लागू झाली. जुने गहाण सोडवून पुन्हा केलेले गहाण नवा व्यवहार मानले गेले. कलमातील ‘कंपनीच्या किंवा हस्तांतरण घेणाऱ्याच्या’ नेहमीच्या व्यवसायक्रमातील ‘किंवा’ हा शब्द न्यायालयाने ‘आणि’ असा वाचला. कर्ज देणे हा बँकेचा नित्यव्यवसाय असला, तरी दुसऱ्यासाठी जमीन गहाण टाकणे हा रस्ता बांधणाऱ्या कंपनीचा नित्यव्यवसाय नव्हे. या वाचनामुळे गटातील कंपन्यांच्या तारणावर कर्ज देणाऱ्या बँकांची जोखीम वाढली, हा त्यावरील आक्षेप निराधार म्हणता येत नाही.

वसुली कोणाची?

कंपनी नव्या मालकाकडे गेल्यावर प्रलंबित अर्जांतून येणारी रक्कम धनकोंची की खरेदीदाराची, याबाबत संहिता फारसे सांगत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी २०२० मध्ये असे अर्ज योजना मंजूर झाल्यावर टिकत नाहीत असे म्हटले होते. खंडपीठाने जानेवारी २०२३ मध्ये ते मत रद्द केले. मुंबईच्या दिवाण हाउसिंग फायनान्सच्या प्रकरणात कलम ६६ खालील संभाव्य वसुलीचे मूल्य योजनेत केवळ एक रुपया धरून ती पिरामल समूहाला देण्यात आली होती, तर दाव्यांची रक्कम सुमारे ४५,००० कोटी रुपये सांगितली जात होती. अपील न्यायाधिकरणाने २०२२ मध्ये हा भाग फेरविचारासाठी परत पाठवला. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०२५ रोजी धनकोंच्या समितीचा व्यावसायिक निर्णय मान्य करून मूळ योजना कायम ठेवली.