‘गेट’ म्हणजे फक्त ‘मिळणे’?

शाळेत इंग्रजी शब्दार्थांची वही असते. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी, मध्ये रेघ. ‘टेबल’, ‘क्रो’, ‘रिव्हर’ यांच्यासाठी ही पद्धत चांगली आहे. ‘गेट’समोर ‘मिळणे’ लिहिलं की मात्र घोळ सुरू होतो. ‘आय गॉट अ लेटर’, मला पत्र मिळालं, इथवर ठीक. पण ‘आय गॉट वेट’ म्हणजे मी भिजलो, ‘आय गॉट होम’ म्हणजे घरी पोचलो, ‘आय गेट इट’ म्हणजे समजलं आणि ‘गेट मी सम वॉटर’ म्हणजे जरा पाणी आण. मिळण्याचा संबंध कुठे धूसर, कुठे नाहीच.

यावर दुसरा गैरसमज तयार होतो: या शब्दाला शेकडो अर्थ आहेत आणि ते पाठ करण्यावाचून गत्यंतर नाही. त्यात शब्दकोशांचे आकडे भर घालतात. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ची होती. पुढच्या आवृत्तीच्या कामात ‘रन’ या क्रियापदाचे तब्बल ६४५ अर्थ नोंदले गेले. आकडा ऐकून धडकी भरते, पण तो कोश ऐतिहासिक आहे. केव्हाच वापरातून गेलेले अर्थही त्यात राहतात आणि अर्थाच्या बारीकशा छटेलाही वेगळा क्रमांक मिळतो. त्या मापाने आपलं ‘लागणे’ही काही कमी नाही. भूक लागते, नोकरी लागते, ठेच लागते, बस लागते, वेळ लागतो, मूल रडू लागतं, आणि इच्छा नसली तरी जावं लागतं. हे कुणी आपल्याला यादी करून शिकवलेलं नाही.

‘गेट’चा अर्थ ठरवतो तो त्याच्या मागून येणारा शब्द. नाम आलं तर मिळणं किंवा आणणं. जागा किंवा दिशा आली तर पोचणं, सरकणं. विशेषण आलं तर होणं.

हे शेवटचं मराठी माणसाला सर्वांत जास्त फसवतं, कारण इथे इंग्रजीचं एक क्रियापद आणि आपली अनेक. अंधार पडतो, चहा निवतो, राग येतो, माणूस म्हातारा होतो. इंग्रजीत या चारही ठिकाणी ‘गेट’ चालतं: ‘इट्स गेटिंग डार्क’, ‘द टी इज गेटिंग कोल्ड’ वगैरे. मग ‘मला उशीर होतोय’चं ‘आय अ‍ॅम गेटिंग लेट’ होतं. भारतात ते सर्रास चालतं, इंग्लंडमध्ये कानाला खटकतं. तिथे उशीर माणसाला होत असेल तर ‘आय अ‍ॅम रनिंग लेट’ आणि ‘गेटिंग लेट’ म्हणायचं ते वेळेबद्दल, ‘इट्स गेटिंग लेट’. ‘आय अ‍ॅम गेटिंग बोअर’ हे मात्र साफ चूक. कंटाळा आला असेल तर ‘बोअर्ड’. ‘बोअर’ म्हणजे कंटाळवाणा माणूस.

आता केस कापण्याचं बघू. ‘मी केस कापले’ म्हटल्यावर कात्री सलूनवाल्याच्या हातात होती, हे मराठीत सांगावं लागत नाही. इंग्रजीत ‘आय कट माय हेअर’ म्हटलं तर आरशासमोर स्वतःच कात्री चालवली असं वाटेल. दुसऱ्याकडून करून घेतलं असेल तर ‘आय गॉट माय हेअर कट’. आपल्या ‘करून घेणे’चं काम इथे ‘गेट’ करतं. कुणाकडून ते सांगायचं असेल तर मध्ये ‘टू’ येतो: ‘आय गॉट द वायरमन टू फिक्स द फॅन’. ‘मेक’ला हा ‘टू’ नको असतो, म्हणून परीक्षेत हा प्रश्न हमखास.

आणखी एक जोडी गोंधळात टाकते. ‘आय गेट टू गो’ म्हणजे मला जायला मिळतं, ‘आय हॅव गॉट टू गो’ म्हणजे मला जावंच लागणार. एक संधी, दुसरी सक्ती.

‘गेट’ हा शब्दच गावंढळ, चांगल्या इंग्रजीत तो नको, असं सांगणारे शिक्षक असतात. अर्जात ‘रिसीव्ह’ किंवा ‘ऑब्टेन’ शोभतं हे खरं. बोलताना मात्र ‘ऑब्टेन’ म्हणणं म्हणजे कोपऱ्यावरच्या डेअरीतून ‘दूध प्राप्त केले’ म्हणण्यासारखं आहे. हा शब्द काही कालचा नाही. उत्तर आणि पूर्व इंग्लंडात वसलेल्या व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेतल्या ‘गेटा’पासून तो इंग्रजीत आला. ‘टेक’ आणि ‘ते लोक’ या अर्थाचा ‘दे’ हे शब्दही तिथलेच.

‘गॉटन’ ही अमेरिकनांनी केलेली मोडतोड, हाही असाच समज. हे रूप इंग्लंडचंच. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये ते आहे. पुढे इंग्लंडने ते प्रमाण भाषेतून सोडलं, अमेरिकेने ठेवलं. ‘फरगॉटन’ तर दोन्हीकडे आहे. शिवाय अमेरिकनांना त्याचा उपयोगही आहे: ‘आय हॅव गॉट अ टिकेट’ म्हणजे तिकीट माझ्याकडे आहे, ‘आय हॅव गॉटन अ टिकेट’ म्हणजे ते मिळवलं आहे. ब्रिटिश इंग्रजीत दोन्हींना ‘गॉट’च, फरक संदर्भावरून ओळखायचा.

राहिलं मुंबईच्या लोकलमधलं ‘गेट डाउन’. ‘आय विल गेट डाउन अ‍ॅट दादर’ ऐकून ब्रिटिश माणसाला अर्थ कळेल, पण तो स्वतः ‘गेट ऑफ’ म्हणेल. याला चूक म्हणू नये, कोट्यवधी लोकांच्या तोंडचं ते भारतीय इंग्रजी आहे. परदेशात मात्र ‘गेट ऑफ’ वापरलेलं बरं. इंग्लंडमध्ये ‘मे आय गेट डाउन?’ असं विचारतात ती लहान मुलं, जेवून झाल्यावर टेबलावरून उठायची परवानगी मागताना.