पिवळ्या मातीवरची पाळी

सकाळी ६. बर्फाच्या पेट्या, काचेच्या बरण्या, डिस्टिल्ड वॉटरचे कॅन आणि माती काढायचं लांब दांड्याचं गिरमिट गाडीत चढवलं. गिरमिट नेहमीप्रमाणे ड्रायव्हरच्या मानेला टेकलं, त्याने नेहमीप्रमाणे शिवी हासडली.

८.००. क्रोमियमची रसायनं बनवणारा हा कारखाना बंद पडून बरीच वर्षं झाली. वॉचमन म्हणाला, "मॅडम, आता काय राहिलंय इथं? पत्रेसुद्धा चोरीला गेले." पहिला नमुना आम्ही आत घेतच नाही. वर चढावर, जिथे कारखान्याचं सांडपाणी पोचणं शक्यच नव्हतं, तिथे घेतो. कोकणातल्या जांभ्यात मुळातच थोडं क्रोमियम असतं. हा तुलनेचा नमुना नसला तर उद्या कंपनीचा वकील निसर्गालाच आरोपी करून मोकळा होईल.

९.१५. मागच्या कुंपणाच्या पायथ्याशी हळदीसारखी पिवळी खपली धरली आहे. पावसाळ्यानंतर ऊन तापलं की जमिनीतला ओलावा वर येतो, सुकतो आणि क्षार मागे ठेवतो. पिवळं दिसतं ते हेक्साव्हॅलंट क्रोमियम, विषारी आणि पाण्यात विरघळणारं. पावसाबरोबर ते उताराला लागतं. त्रिसंयुजी क्रोमियम त्या मानाने गरीब, मातीला धरून बसतं. म्हणून "एकूण क्रोमियम" एवढा एकच आकडा आला, तर त्यावरून धोका कळत नाही.

दर खड्ड्याला पृष्ठभाग, अर्धा मीटर आणि दीड मीटर असे तीन नमुने. दोन खड्ड्यांच्या मध्ये गिरमिट घासायचं, धुवायचं, हातमोजे बदलायचे. माती काढायला दहा मिनिटं, धुवायला वीस. नव्या पोराला वाटतं मॅडम उगाच सोवळं पाळतात. पण एका खड्ड्याचा मळ दुसऱ्यात गेला की सगळा अहवाल कोर्टात आडवा.

१२.३०. उताराखालची बोअर. नळीत साचलेलं पाणी आधी उपसून टाकायचं, सामू आणि विद्युतवाहकता स्थिर झाली की मगच बाटली भरायची. शेतमालकीण, साठीच्या आजी, इतका वेळ मोटार चालू बघून अस्वस्थ झाल्या. "ताई, एवढं पाणी वाया घालवता, आणि सांगत तर काहीच नाही. म्हशीला पाजू का नको?"

पिण्याच्या पाण्यात क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम. या बोअरमध्ये किती, ते प्रयोगशाळा सांगेल. नियमाप्रमाणे अहवाल येईपर्यंत मी बोलायचं नसतं.

"आजी, सध्या वरच्या विहिरीचं पाजा," म्हटलं.

३.००. तहसील कचेरी. जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले. संशयित जागांची यादी जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी द्यायची. मग ९० दिवसांत प्राथमिक तपासणी, पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर सर्वेक्षण. जबाबदार कोण, हे राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने ९० दिवसांत ठरवायचं. खर्च प्रदूषण करणाऱ्याचा, तो सापडला नाही किंवा बुडाला तर सरकारचा. वाचायला चोख. इथे कागदांवर मूळ कंपनी, मग कर्ज देणारी बँक, मग लिलावात जमीन घेणारा. क्लार्क म्हणाला, "मॅडम, यातलं नाव तुम्हीच निवडा." विनोद होता म्हणे.

माझा राग मात्र वेगळ्या ठिकाणी आहे. कागदाच्या प्रत्येक टप्प्याला मुदत आहे, पण जागा दूषित ठरल्यावर ती अमुक दिवसांत साफ झालीच पाहिजे, अशी मुदत नाही. नियम आले तेव्हा देशात १०३ दूषित जागा नोंदलेल्या होत्या आणि सफाईचं काम सुरू झालं होतं फक्त ७ ठिकाणी. क्रोमियम आमची वाट बघत थांबत नाही, दर पावसाळ्यात आजींच्या बोअरकडे सरकतं.

५.००. चहा, भजी. तिसऱ्यांदा हात धुऊन.

६.००. बरण्यांवर लेबलं, सील, सह्या. नमुना कुणाच्या हातून कुणाच्या हातात किती वाजता गेला, याचा तक्ता. एक रकाना रिकामा राहिला की नमुना अनाथ.

९.३०. घरी अहवालाचा मसुदा. सगळ्यात अवघड रकाना मातीचा नाहीच, तो आहे "जमिनीचा वापर". शेती, निवासी, व्यापारी, औद्योगिक. वापर बदलला की मर्यादा बदलते. कोडाईकनालचा थर्मामीटर कारखाना २००१ मध्ये बंद झाला. तिथल्या मातीत किलोमागे २० मिलिग्रॅम पारा राहिला तर चालेल की नाही, यावर पुढे वर्षानुवर्षं भांडण चाललं. शेजारी शोला जंगल आहे, तिथे एवढी सूट कशी, हा आंदोलकांचा प्रश्न रास्तच होता. आमच्या जागेची नोंद औद्योगिक आहे, पण सकाळी कुंपणाला "एनए प्लॉट" असा नवा फलक दिसला होता. नोंदीप्रमाणे "औद्योगिक" लिहिलं, शेऱ्यात फलकाचा फोटो जोडला आणि निवासी मर्यादेशीही तुलना करावी असं सुचवलं. वरिष्ठ तो शेरा काढायला सांगतील. तसं लेखी द्या, म्हणणार आहे.

१०.४०. प्रयोगशाळेला मेसेज: पाण्यातलं हेक्साव्हॅलंट २४ तासांत तपासायचं असतं, बाटली उद्या सकाळी पहिली घ्या.