संगणकप्रणालीचा विन्यास-आलेख

व्याकरण रूपे सांगते; ती कोणत्या गावी बोलली जातात, हे बोलीनकाशा दाखवितो. संगणकप्रणालीच्या आलेखांतही असाच भेद आहे. १९९७ साली प्रमाण ठरलेल्या ‘यूएमएल’ आलेखनपद्धतीत घटक-आलेख प्रणालीचे भाग व त्यांचे परस्परावलंबन दाखवितो. विन्यास-आलेख त्या भागांच्या संचिका कोणत्या यंत्रावर वसतात, हे दाखवितो. यंत्र घनाकृती पेटीने, दळणवळण रेषेने दर्शवितात.

समजा, ‘डोळा’चा ‘डोया’ करणाऱ्या अमरावती-अकोल्याकडील वऱ्हाडीचा ध्वनिसंग्रह उभारावयाचा आहे. मूळ मुद्रणे व त्यांची प्रत घटक-आलेखात निरनिराळी दिसतील. परंतु विन्यास-आलेखात दोन्ही एकाच पेटीत आढळल्यास, ते यंत्र निकामी होताच वृद्ध वक्त्यांचे आवाज कायमचे हरपतील. म्हणून संग्रहापूर्वीच हा दुसरा आलेख काढणे अगत्याचे होय.