गॅस संपत नसतो

एप्रिल-मे महिन्यांत लग्नसराईच्या निमित्ताने बेळगाव-निपाणी-कोल्हापूर हा रस्ता वऱ्हाडाच्या मोटारींनी गजबजून जातो. मागच्या आसनावर वृद्ध आजी, मांडीवर तान्हे मूल, आणि नेमका तवंदी घाटाच्या चढावर गाडीतील गारवा नाहीसा व्हावा! मुक्कामी पोहोचताच एखादे अनुभवी आप्त निदान सांगून मोकळे होतात, "गॅस संपला असेल, भरून घ्या." एवढ्याशा सल्ल्यापायी कित्येक संसारांचे पैसे पाण्यात जातात. म्हणून या यंत्राची थोडी ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

पेट्रोल जळून संपते, तसा हा गॅस संपत नसतो. तो एका बंद वर्तुळात फिरत राहतो. काँप्रेसर त्याला दाबून उष्ण करतो; रेडिएटरपुढील कंडेन्सरमध्ये तो उष्णता बाहेर टाकून द्रवरूप होतो; पुढे एका बारीक झडपेतून निघताच त्याचा दाब उतरतो आणि तो पुन्हा वायुरूप होताना गाडीतील हवेची उष्णता शोषून घेतो. तेव्हा गॅस कमी झाला याचा अर्थ तो कोठून तरी निसटला. गळती न शोधता नवा गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे होय. शिवाय काँप्रेसरला लागणारे तेल याच गॅसबरोबर फिरत असते. गॅस कमी झाला की तेलही नीट पोहोचत नाही, आणि यंत्र कोरडे घासून निकामी होते.

अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने १९४० च्या मॉडेलसाठी मोटारीत वातानुकूलनाची सोय देऊ केली, तेव्हा काँप्रेसरला क्लच नव्हता; गारवा नको असेल तर इंजिन बंद करून पट्टा काढावा लागे. आज बहुसंख्य गाड्यांत विद्युतचुंबकीय क्लच ते काम करतो. बटण दाबताच जो 'टक्' असा आवाज येतो तो त्याचाच. हा आवाज आला नाही म्हणजे काँप्रेसर गेला असे मात्र समजू नये. फ्यूज, रिले, क्लचची कॉइल किंवा गॅस कमी असता काँप्रेसर चालू न देणारा दाबाचा स्विच, यांपैकी काहीही कारण असू शकते. काँप्रेसर फिरत असूनही मापकावर दोन्ही बाजूंचे दाब जवळजवळ सारखेच राहिले, अथवा आतून खरखर येऊ लागली, तर मात्र तो बदलण्याची वेळ आली असे मानावे.

आमच्या परिचयातील एका सेवानिवृत्त गृहस्थांनी निवृत्तिवेतनातून पैसे काढून नवा काँप्रेसर बसवून घेतला. वर्षाच्या आत तोही बंद पडला. जुन्या काँप्रेसरच्या झिजेतून सुटलेले धातूचे कण नळ्यांत तसेच राहिले होते; त्यांनी नव्याचाही घास घेतला. म्हणून काँप्रेसर बदलताना नळ्या आतून धुणे, ओलावा शोषणारा ड्रायर आणि सांध्यांवरील रबरी कड्या नव्या घालणे, आणि झडप तपासणे आवश्यक असते. आधुनिक कंडेन्सरच्या नलिका इतक्या सूक्ष्म असतात की कण शिरल्यावर तो बदलणेच श्रेयस्कर. तेल सांगितलेल्या जातीचे आणि मोजूनच घालावे. त्यानंतर निदान अर्धा तास पंपाने निर्वात करून, ती निर्वातता टिकते की नाही हे पाहून, बॉनेटखालील पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस भरावा. विजेवरील गाड्यांत काँप्रेसर उच्च दाबाच्या विजेवर चालतो. तेथे प्रशिक्षित हातच हवेत.

जुना गॅस हवेत सोडून देणे हीही क्षुल्लक गोष्ट नव्हे. ओझोनच्या आवरणाला घातक ठरलेला आर-१२ हा गॅस १९८७ च्या माँट्रियल करारानंतर क्रमाने हद्दपार झाला. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला अपाय करीत नाही, परंतु शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याची तापवण्याची शक्ती कार्बन डाय-ऑक्साइडच्या तेराशे ते चौदाशे पट आहे. २०१६ च्या किगाली दुरुस्तीने अशा वायूंवरही मर्यादा आणली. भारताने ती २०२१ मध्ये मान्य केली. तो गॅस यंत्राने काढून साठवावा, हेच योग्य.

आपल्या भागाला यंत्रविद्या परकी नाही. १८८८ साली किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचे दुकान थाटले; त्याच घराण्याच्या उद्योगांतून पुढे शीतकरणाचे काँप्रेसरही तयार झाले. उद्यमबागेतील ओतशाळांची कीर्तीही दूरवर आहे. येथे 'मेस्त्री' हा शब्द मराठी आणि कानडी दोन्ही घरांत सारख्याच आदराने उच्चारला जातो. त्या आदराला साजेसे प्रश्न आपणही विचारावेत: गळती कोठे सापडली? नळ्या धुतल्या का? ड्रायर बदलला का? गॅस किती ग्रॅम भरला? जुना भाग पाहावयास मागावा आणि पावतीवर सर्व लिहून घ्यावे. चांगला मेस्त्री अशा प्रश्नांनी रागावत नाही; उलट आपले काम जाणणारे गिऱ्हाईक भेटले म्हणून त्याला समाधानच वाटते.

आणि हिवाळ्यातही आठवड्यातून एकदा दहा मिनिटे हे यंत्र चालवावे. तेल फिरते, सील कोरडे पडत नाहीत, आणि पुढच्या लग्नसराईत आजीबाईंना घाटात पदराने वारा घेण्याची वेळ येत नाही.