पळसपापडीचा अर्क व मेंढ्यांतील जंत

मेंढ्यांच्या चौथ्या पोटात राहणारा हिमाँकस हा जंत रक्तावर जगतो. एक जंत दिवसाकाठी सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्त शोषतो. म्हणजे हजार जंत असल्यास मेंढीचे रोज ५० मिलिलिटर रक्त जाते. पापणीची आतील बाजू पांढरी पडते, जबड्याखाली पाणी साठून सूज येते व कोकरे दगावतात. तीच ती औषधे वारंवार दिल्याने पुष्कळ कळपांतील जंत आता त्यांस दाद देत नाहीत. म्हणून पळसपापडीसारख्या जुन्या औषधांकडे संशोधकांचे लक्ष वळले आहे. पळसाच्या या बियांतून पॅलासोनिन नावाचे जंतनाशक द्रव्य वेगळे काढण्यात आलेले आहे.

तथापि, अर्क कोणत्या रीतीने काढला यावर बरेच अवलंबून असते. पाण्यात उतरणारी द्रव्ये निराळी व मद्यार्कात उतरणारी निराळी; काही तर उष्णतेने नष्ट होतात. हिवतापावरील आर्टेमिसिनिनचा शोध लागताना चीनमध्ये हाच अनुभव आला. तू योयो यांनी १९७१ मध्ये उकळण्याची रीत सोडून कमी उष्णतेवर ईथरने अर्क काढला, तेव्हाच त्याचा गुण दिसून आला.

प्रयोगशाळेत प्रथम जंतांची अंडी अर्कात ठेवून किती उबतात ते पाहतात. शेजारी नुसत्या पाण्यातील अंडीही ठेवावी लागतात. परंतु काचेच्या बशीतील यश म्हणजे औषध नव्हे. मेंढीस पाजलेला अर्क आधी पहिल्या मोठ्या पोटातील चाऱ्यापाण्यात मिसळून पातळ होतो, व तेथील सूक्ष्म जीव त्यातील द्रव्ये मोडून टाकू शकतात.

खरी परीक्षा कळपातच होते. सारख्या वयाच्या मेंढ्यांचे दोन गट करून एकास अर्क देतात, दुसऱ्यास देत नाहीत. लेंड्या मिठाच्या संपृक्त द्रावणात कालवल्या म्हणजे अंडी वर तरंगतात व सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात. ही मोजणी औषधापूर्वी व नंतर १० ते १४ दिवसांनी करतात. समजा, अर्क दिलेल्या गटात अंडी १,००० वरून ६०० वर आली, पण न दिलेल्या गटातही तितकीच उतरली, तर अर्काचा काहीच उपयोग झाला नाही. रासायनिक औषधाकडून ९५ टक्के घट अपेक्षिली जाते.

अशी परीक्षा होऊन मात्रा ठरेपर्यंत पळसपापडीची पूड अंदाजाने पाजू नये. अधिक मात्रा जनावरास बाधते. ताज्या लेंड्या स्वच्छ डबीत घालून त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासणीसाठी द्याव्यात.