वायफाय बंद पडले? आधी पाणी कुठे अडले ते बघा



या पानावर आपण एरवी बेणे, लागणीच्या तारखा, हुमणी आणि खोडव्याची निगा यांविषयी बोलतो. या वेळी विषय वेगळा आहे, पण तो आमच्याकडे आपणच आणलेला आहे. गट कार्यालयात सभासद खताची चौकशी करून झाली की हळूच विचारतात, "साहेब, घरातलं नेट चालंना, काय करावं?" २०२१ सालापासून ई-पीक पाहणी मोबाईलवर आली. २०२२ साली साखर आयुक्तालयाने 'महा-ऊस नोंदणी' हे अ‍ॅप काढले. मुलांचे प्रवेश आणि शिष्यवृत्त्या तर सगळ्याच ऑनलाइन झाल्या. त्यामुळे नेट बंद पडणे ही आता करमणूक बंद पडण्याएवढी साधी गोष्ट राहिलेली नाही. तारीख चुकली की नुकसान आपले होते.

आमच्या एका सभासदांची लेक घाटाखाली, रायगडाच्या पायथ्याला पाचाडला दिलेली आहे. गडावर जाणाऱ्या मंडळींसाठी त्यांची खानावळ आहे आणि मुक्कामाच्या दोन खोल्या आहेत. गेल्या पावसाळ्यात सभासदांच्या नातीला कृषी पदवीच्या प्रवेशासाठी कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा होता आणि मुदतीचा शेवटचा दिवस होता. संगणकावर वायफायची खूण पूर्ण दिसत होती, पण प्रवेशाचे पान काही उघडेना. घरातल्या एका पोराने राऊटरच्या मागच्या बारीक भोकात टाचणी घालून दाबून धरली. तेव्हापासून घरातले मोबाईलसुद्धा नेटवरून गेले. शेवटी पोरीला भर पावसात महाडला, म्हणजे सुमारे पंचवीस किलोमीटर पाठवावे लागले आणि तिथल्या सेवा केंद्रातून फॉर्म भरला गेला. आम्ही त्या सभासदांबरोबर आंबेनळी घाट उतरून पाचाडला गेलो, तेव्हा कंपनीचा माणूस येऊन राऊटर पुन्हा चालू करून गेला होता. मोबाईल चालत होते. संगणक मात्र तसाच. म्हणजे पहिले दुखणे कोणी पाहिलेच नव्हते, आणि मध्ये दुसरे अंगावर ओढून घेतले होते.

ते दुखणे काय होते ते पुढे सांगतो. आधी नेट घरात येते कसे ते समजून घ्या, म्हणजे निम्मे काम होईल.

आपण दारे धरायला जातो आणि सरीत पाणी येत नाही, तेव्हा लगेच धरणावर जात नाही. आधी सरीचे तोंड बघतो, मग पाट, मग चारी, मग मोरी. नेटचेही तसेच आहे. कंपनीकडून येणारी फायबरची तार म्हणजे चारी. घरातला डबा, ज्याला राऊटर म्हणतात, ती मोरी. तिथून हवेतून संगणकापर्यंत जाते ते वायफाय म्हणजे आपला पाट. वायफाय आणि इंटरनेट या एक गोष्टी नाहीत, हे मनात पक्के करा. पाट स्वच्छ असला तरी चारीला पाणी नसेल तर शेत कोरडेच राहते. संगणकावर वायफायच्या काड्या पूर्ण दिसतात त्याचा अर्थ एवढाच की संगणक आणि राऊटर यांच्यामधला पाट ठीक आहे. त्यापुढचे त्या काड्या काही सांगत नाहीत.

म्हणून पहिला प्रश्न हाच की अडले ते राऊटरच्या अलीकडे की पलीकडे? हे ओळखायला दोन मिनिटे पुरतात. घरातला एक मोबाईल घ्या, त्याचा स्वतःचा डेटा बंद करा आणि वायफायवर एखादे पान उघडा. डेटा बंद करणे विसरू नका, नाहीतर मोबाईल गुपचूप सिमवरून चालतो आणि आपली फसगत होते. मोबाईलवर पान उघडले तर चारीला पाणी आहे आणि दुखणे संगणकात किंवा त्याच्या जागेत आहे. मोबाईलवरही उघडले नाही, तर राऊटरकडे चला.

राऊटरवरचे दिवे बघा. फायबरच्या डब्यावर एल-ओ-एस अशी तीन इंग्रजी अक्षरे असतात. तिथे लाल दिवा लागला असेल तर बाहेरून तारेतून उजेडच येत नाही. तार कुठे तरी तुटली आहे, दुमडली आहे किंवा डब्यातून सुटली आहे. फायबरच्या आत काचेचा धागा असतो. ती तार विजेच्या वायरीसारखी कोपऱ्यात मुडपून खिळ्याला अडकवली की उजेड वाटेतच गळतो. घाटाखाली माकडे तारेला लोंबकळतात, आपल्याकडे उसाच्या ट्रॉलीच्या मोळ्या खाली आलेल्या तारेत अडकतात. घरातली तार मुडपलेली दिसली तर मोकळी करा. बाकी लाल दिव्यावर घरचा इलाज नाही. कंपनीला फोन करा आणि "लाल दिवा आहे" एवढे आवर्जून सांगा, म्हणजे ते येताना तार जोडायचे सामान घेऊन येतील.

लाल दिवा नाही, पण नेटही नाही, तर राऊटर बटणावरून बंद करा, अर्धा मिनिट थांबा, चालू करा आणि तीन-चार मिनिटे हात लावू नका. बऱ्याच वेळा एवढ्यानेच भागते. पण बंद करून चालू करणे वेगळे आणि टाचणीचे भोक वेगळे. त्या भोकाला रीसेट म्हणतात. ते दाबून धरले की राऊटरमध्ये भरलेले कंपनीचे खाते, पासवर्ड, सगळी जोडणी पुसली जाते आणि डबा कारखान्यातून निघाला तसा कोरा होतो. पाचाडला तेच झाले. कंपनीच्या माणसाने फोनवर सांगितल्याशिवाय त्या भोकाच्या वाटेला जाऊ नये. आमचे तर म्हणणे, त्यावर चिकटपट्टीच लावून टाका.

आता दुखणे संगणकाकडे आहे असे धरू. लॅपटॉप असेल तर वायफायचे बटण किंवा विमान मोड चुकून दाबला गेला नाही ना ते बघा. कीबोर्डवर पुसताना हे हमखास होते. पासवर्ड बदलला असेल तर संगणक जुनाच पासवर्ड देत बसतो. अशा वेळी ते नेटवर्क 'विसरा' असा पर्याय निवडून नव्याने जोडा. संगणकाला राऊटरकडून एक क्रमांक मिळतो, त्याला आयपी म्हणतात. नेटवर्कच्या माहितीत तो १६९.२५४ ने सुरू होताना दिसला, तर समजा की राऊटरने पाळीचा नंबर दिलाच नाही आणि संगणकाने आपल्या मनाने घेतला. तेव्हा आधी राऊटर आणि मग संगणक, या क्रमाने बंद-चालू करा.

जागेचा दोष मात्र सगळ्यात जास्त आढळतो, आणि त्यावर खर्च काहीच नाही. राऊटर टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटाच्या वर किंवा पाण्याच्या टाकीला टेकून ठेवलेला असतो. लोखंड आणि पाणी या लहरी अडवतात. जुन्या घरांच्या दगडी भिंती जाड, नव्या घरांच्या स्लॅबमध्ये सळ्या. दोन भिंतींपलीकडच्या खोलीची गत टेलच्या शेतकऱ्यासारखी होते. पाणी येते, पण करंगळीएवढे. राऊटर घराच्या मध्याला, उंचावर, उघड्यावर ठेवा. बहुतेक नव्या राऊटरमधून दोन वायफाय निघतात. २.४ गिगाहर्ट्झचे हळू पण लांब जाते आणि भिंतीतूनही बऱ्यापैकी पार होते. ५ गिगाहर्ट्झचे वेगवान, पण पल्ला कमी. लांबच्या खोलीत २.४ चेच जोडावे. काही जुन्या संगणकांना ५ चे दिसतच नाही, ते संगणक बिघडलेले नसतात. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हसुद्धा २.४ च्याच आसपास चालतो, म्हणून तो चालू असताना नेट अडखळले तर नवल नाही. टेबलावरच्या संगणकाला वायफायची छोटी कांडी मागच्या बाजूला लावलेली असते, म्हणजे मध्ये लोखंडी डबा येतो. ती पुढच्या बाजूला लावा. आणि शक्य असेल तिथे राऊटरपासून संगणकापर्यंत सरळ केबलच ओढा. तिला भिंत लागत नाही आणि पाऊसही लागत नाही.

आता पाचाडचा संगणक. मोबाईल चालतो, काड्या पूर्ण, आयपी बरोबर, आणि तरी प्रत्येक पानावर कनेक्शन सुरक्षित नसल्याची सूचना. आम्ही पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातले घड्याळ पाहिले. तारीख होती १ जानेवारी, आणि वर्ष दहा-बारा वर्षांपूर्वीचे! प्रत्येक सरकारी पानापाशी एक दाखला असतो आणि त्यावर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते. संगणक आपल्या घड्याळाशी ती ताडून बघतो. पुढच्या महिन्याच्या तारखेची स्लिप घेऊन गाडी आज काट्यावर आली तर वजन होईल का? संगणकानेही तेच केले, दाखला खोटा ठरवून पान अडवले. टेबलावरच्या जुन्या संगणकाच्या आत रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा कमी रुंदीचा एक गोल सेल असतो. वीज नसताना तो घड्याळ चालू ठेवतो. काही वर्षांनी तो संपतो, मग वीज गेली की तारीख मागे जाते. तारीख हाताने नीट केली आणि पान लगेच उघडले. पुढे महाडहून नवा सेल आणून बसवला. तो थोडक्या पैशांत मिळतो. त्यासाठी पोरीने पावसातून महाड गाठले होते.

विजेचे एक सांगायला हवे. वीज गेली की इन्व्हर्टरवर दिवे चालतात, पण राऊटरचा प्लग त्यावर नसतो आणि आपण कंपनीला दोष देतो. राऊटर बहुधा १२ व्होल्टवर चालतो. त्याच्यासाठी छोटा बॅटरी डबा बाजारात मिळतो. विजा कडाडू लागल्या की मात्र प्लग काढून ठेवा. आणि काही वेळा कोणताच उपाय चालत नाही हेही मान्य करावे. जुलै २०२१ मध्ये महाडला महापूर आला आणि त्याच तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली, तेव्हा वीज आणि मोबाईल दोन्ही बंद पडले होते.

म्हणून मुदतीच्या दिवशी दुरुस्ती करत बसू नये. मोबाईलचा हॉटस्पॉट लावा, फॉर्म भरा, दुरुस्ती नंतर. रेंज घरात नसून गच्चीवर असेल तर फोन तिथे ठेवून कमी ताणाचे काम मोबाईलवरच उरका. साधा एस.एम.एस. तर नेटला न पुरणाऱ्या बारीक रेंजवरही जातो. साखर कारखानदारीला हा धडा जुना आहे. १९९८ साली वारणेच्या परिसरात कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सत्तर गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. पुढे काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधन शाखेने तिथल्या सात गावांत संगणकांच्या जागी साधे मोबाईल ठेवून एस.एम.एस.वर उसाची माहिती देऊन पाहिली, आणि सभासदांचे काम त्यावर भागले.

राऊटरजवळ भिंतीवर एक कागद लावून ठेवावा. त्यावर ग्राहक क्रमांक आणि तक्रारीचा फोन लिहा. पासवर्ड मात्र घरच्या वहीत ठेवा. तक्रार नोंदवली की मिळणारा क्रमांक आणि तारीखही त्या कागदावर टिपून घ्या. दुरुस्तीच्या नावाखाली फोनवर कोणी ओटीपी मागितला किंवा मोबाईलमध्ये एखादे अ‍ॅप घालायला सांगितले, तर फोन ठेवून द्या. ऊस नोंदीची मुदत संपत आली असेल आणि घरचे नेट बंद असेल, तर सातबारा, आधार आणि नोंदीतला मोबाईल घेऊन सरळ गट कार्यालयात या. नोंद तिथे करून घेता येईल.

— ऊस विकास अधिकारी, शेती विभाग