वैवाहिक स्थिती आणि वैयक्तिक सुख : तुलनेच्या रकान्यांविषयी

विवाहित मनुष्य अधिक सुखी की अविवाहित, हा प्रश्न लोकव्यवहारात जुना आहे आणि समाजशास्त्रातही नवा नाही. शास्त्राने त्याला दिलेले रूप मात्र निराळे आहे. लोकव्यवहारात दोन माणसांची तुलना होते. शास्त्रात दोन रकान्यांची होते. या रकान्यांत कोणाला बसविले, कोणाला वगळले आणि कोण एका रकान्यातून उठून दुसऱ्यात गेले, यावर उत्तराचा बराचसा भाग आधीच ठरून गेलेला असतो. या विषयावर प्रश्नावली तयार करू पाहणाऱ्या अभ्यासकांनी तो भाग तपासावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

एमिल द्यूरकेम याने १८९७ साली आत्महत्येवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा अशाच एका रकान्याची झडती त्याला घ्यावी लागली. ढोबळ आकडे पाहता अविवाहितांपेक्षा विवाहितांत आत्महत्या अधिक दिसत, आणि संसाराच्या भाराने माणूस खचतो असे अनुमान त्यावरून काढले जाई. द्यूरकेमने दाखवून दिले की, अविवाहितांच्या संख्येत पाळण्यातील मुलेही मोजली गेली होती. समान वयाच्या व्यक्तींची तुलना करताच चित्र पालटले. विशीनंतर विवाहितांतील प्रमाण अविवाहितांहून कमी निघाले. विवाहाच्या कैवाऱ्यांचे द्यूरकेमवाचन बहुधा येथेच थांबते. परंतु पुढे त्याने अपत्यहीन दांपत्ये वेगळी काढली आहेत. १८८९ ते १८९१ या वर्षांतील फ्रेंच आकड्यांनुसार, अपत्यहीन विवाहित स्त्रियांत आत्महत्येचे प्रमाण त्याच वयाच्या अविवाहित स्त्रियांच्या सुमारे दीडपट होते. अपत्यहीन पुरुषाला मात्र विवाहापासून काही लाभ होतच होता. म्हणजे ज्याला आपण विवाहाचे संरक्षण म्हणतो ते बव्हंशी कुटुंबाचे संरक्षण होते, आणि पती-पत्नींच्या वाट्याला ते सारखे येत नव्हते. या विषमतेची कारणे सांगताना द्यूरकेमने स्त्रीच्या मनाविषयी जे लिहिले ते आज कोणी मान्य करणार नाही. त्याचे कोष्टक त्याच्या मतांहून अधिक निःपक्षपाती आहे. प्रत्येक विवाहात पतीचा एक आणि पत्नीचा एक असे दोन विवाह असतात, ही जेसी बर्नार्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ विदुषीची १९७२ सालची मांडणी याच वाटेवरची होय.

आत्महत्येचे प्रमाण हे अर्थात सुखाचे माप नव्हे. ते माप घेण्याची रीत, म्हणजे व्यक्तीलाच आपल्या आयुष्याविषयीचे समाधान शून्य ते दहा या श्रेणीत सांगावयास लावणे, ही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. तिच्यापासून खरा लाभ झाला तो एकाच व्यक्तीला वर्षानुवर्षे तोच प्रश्न विचारला गेला तेथे. जर्मनीत १९८४ पासून अशी पाहणी चालू आहे. तिच्यातील २४ हजारांहून अधिक व्यक्तींची उत्तरे रिचर्ड लुकस व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली तपासली. विवाहाच्या सुमारास समाधान किंचित वाढते आणि पुढे सरासरीने पूर्वपातळीकडे परत येते, असे त्यांना आढळले. मात्र व्यक्तिव्यक्तींतील अंतर या सरासरीहून कितीतरी मोठे होते. २००६ साली अलोइस स्टुट्झर व ब्रूनो फ्राय यांनी त्याच पाहणीवरून आणखी एक गोष्ट पुढे आणली. जे पुढे विवाह करतात ते अविवाहित असतानाच इतर अविवाहितांपेक्षा अधिक समाधानी असतात. तेव्हा विवाहितांच्या रकान्यातील सुखाचा काही अंश माणसांनी आपल्याबरोबर आणलेला असतो.

आणलेल्याचा हिशेब झाला, आता गेलेल्यांचा. 'सध्या विवाहित' या रकान्यातून घटस्फोटित आणि विभक्त आपोआप बाहेर पडलेले असतात. बेला डीपॉलो यांचा २००६ सालच्या ग्रंथातील मुख्य आक्षेप हाच आहे. नापास होऊन गेलेली मुले वगळून शाळेने आपला निकाल लावावा, तसा हा प्रकार आहे. विवाह करण्याचा परिणाम पाहावयाचा असेल तर कधीही विवाह केलेल्या सर्वांना एकत्र धरले पाहिजे.

याच्या उलट बाजूचाही उतावळेपणा घडतो. २०१९ साली पॉल डोलन यांनी अमेरिकेतील वेळेच्या विनियोगाच्या पाहणीवरून असे विधान केले की, पती खोलीत असताना स्त्रिया आपण सुखी असल्याचे सांगतात, आणि तो बाहेर गेला की निराळे सांगतात. वृत्तपत्रांनी ते उचलून धरले. 'जोडीदार अनुपस्थित' या रकान्याचा पाहणीतील अर्थ मात्र जोडीदार त्या घरातच राहत नाही असा होता, हे ग्रे किम्ब्रो या अर्थशास्त्रज्ञाने निदर्शनास आणले. डोलन यांनी ते मान्य केले. एका शब्दाच्या वाचनावर एवढी इमारत उभी राहिली होती.

आपल्याकडे ही अडचण अधिक खोल आहे. भारतात ४५ ते ४९ या वयोगटातील कधीच विवाह न झालेल्या स्त्रियांचे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास आहे. इतक्या लहान गटाची इतक्या प्रचंड गटाशी तुलना करताना आपण विवाहाचा परिणाम मोजतो, की समाजाने अपवाद ठरविलेल्या व्यक्तीशी केलेल्या वर्तनाचा? एकट्या स्त्रीला घर भाड्याने मिळण्यास पडणारे सायास तिच्या असमाधानात जमा होतात, आणि कोष्टकात ते अविवाहितपणाच्या नावावर पडतात.

शिवाय रकाना आणि आयुष्य यांचा मेळ बसेलच असे नाही. मुंबईच्या रखमाबाईंचे उदाहरण या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्या नांदावयास गेल्या नाहीत. दादाजींनी १८८४ साली दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. १८८७ साली न्यायमूर्ती फॅरन यांनी पतीकडे जावे अथवा सहा महिन्यांचा कारावास भोगावा असा आदेश दिला. १८८८ साली तडजोड होऊन प्रकरण मिटले. पुढे रखमाबाई लंडनला वैद्यकशास्त्र शिकल्या आणि त्यांनी सुरत व राजकोट येथे दीर्घकाळ रुग्णसेवा केली. १९०४ साली दादाजी वारले, तेव्हा ज्यांच्याशी त्यांनी कधी संसार केला नव्हता त्या पतीसाठी त्यांनी विधवेची पांढरी साडी धारण केली. १९५५ पर्यंतच्या या आयुष्याला शिरगणतीत आधी 'विवाहित' आणि नंतर 'विधवा' हीच पदे लागू पडतात. त्या एकट्या राहिल्या, आणि एकटे राहण्यासाठी न्यायालयात झगडल्या, ही त्या आयुष्यातील सर्वांत मोठी गोष्ट कोणत्याच रकान्यात येत नाही.

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्याविज्ञान संस्थेने २०१७-१८ साली वृद्धत्वविषयक पाहणीची पहिली फेरी पूर्ण केली. तीत ४५ व त्यावरील वयाच्या ७२ हजारांहून अधिक व्यक्ती आहेत, आणि समाधानाविषयीचे प्रश्नही आहेत. हे साधन आपल्या अभ्यासकांस उपलब्ध आहे. तथापि त्यात विवाहितांच्या समोर येणारा मोठा गट अविवाहितांचा नसून विधवांचा आहे. त्यामुळे 'जोडीदार नसलेले' असा एकच रकाना केल्यास, वियोगाचे दुःख आणि एकट्याने जगण्याची निवड या दोन गोष्टी एकाच आकड्यात मिसळतील. ब्रिटिश पाहणीच्या आधारे शॉन ग्रोव्हर व जॉन हेलिवेल यांनी जोडीदारच आपला जिवलग मित्र असल्याचे सांगणाऱ्यांना वेगळे काढले, तेव्हा विवाहाचा लाभ त्यांच्या बाबतीत सुमारे दुप्पट आढळला. आपल्या प्रश्नावलीत वैवाहिक स्थितीच्या खाली निदान दोन प्रश्न तरी घालता येतील : ही स्थिती आपण स्वतः पत्करली काय, आणि मनातले बोलावयास आपल्याला कोण आहे?